टॅलीचं सर्टिफिकेट आहे, पण हात बसत नाही. काय करू?

बोरीकाठ (सोमवार, रात्री ९.४०)

नमस्कार मंडळी. मी पारोळ्याची. बी.कॉम. झालंय, एमएस-सीआयटी झालंय, तीन महिन्यांचा टॅलीचा (हिशेबाचं सॉफ्टवेअर) क्लास झालाय आणि मोबाईलवर एक्सेलचे दोन कोर्स केलेत. चारही सर्टिफिकेटं प्लास्टिकच्या फाइलमध्ये घालून गेल्या आठवड्यात जळगावला एमआयडीसीत मुलाखतीला गेले.

तिथल्या काकांनी फाइल उघडलीसुद्धा नाही. खरेदीच्या तीस बिलांचा गठ्ठा पुढे ठेवला आणि म्हणाले, "जेवणापर्यंत टॅलीत चढव." दोन वाजता माझी अकरा झाली होती. त्यातली चार चुकलेली. एक बिल सुरतचं होतं, त्याला मी सीजीएसटी-एसजीएसटी, म्हणजे राज्यातल्या राज्यातला कर लावला. एकावर ट्रकभाडं आणि हमाली वेगळी लिहिलेली, ती कुठल्या लेजरला (खात्याला) टाकायची ते कळेना. एकावर तर पुरवठादाराचा शिक्काच जीएसटी नंबरवर बसलेला.

काका चांगले होते, रागावले नाहीत. "बेटा, तुला टॅली येतं, काम येत नाही," एवढंच म्हणाले. एरंडोल येईपर्यंत बसमध्ये खिडकीकडे तोंड करून बसले होते.

क्लासमध्ये आम्ही एबीसी ट्रेडर्सकडून दहा हजारांचा माल घेतला आणि एक्सवायझेडला पंधरा हजारांना विकला. सगळं गोल आकड्यांत. एफ-९ दाबलं की खरेदी, एफ-८ दाबलं की विक्री. खरं बिल पहिल्यांदा हातात आलं ते त्या मुलाखतीतच.

प्रश्न असा की काम मिळाल्याशिवाय सराव नाही आणि सरावाशिवाय काम नाही, तर घरी बसून सराव करायचा तरी कशावर? "मेहनत करा, यश मिळेल" हे कृपया नको. ते घरात तीन जण रोज सांगतात.

---

शेंगोळे (सोमवार, रात्री १०.०५)

मेहनत करा नाही म्हणायचं, मग मी काय लिहू? वाचतोय.

---

खानदेशी_पुणेकर (सोमवार, रात्री ११.२०)

मूळ धुळ्याचा, बारा वर्षं पुण्यात सॉफ्टवेअरमध्ये. ताई, तुझी गोष्ट माझीच आहे, फक्त बिलांच्या जागी कोड घाल. पहिल्या नोकरीआधी मी व्हिडिओ बघून बघून प्रोग्रामिंग "शिकलो" होतो. समोरचा लिहितो, आपण मान डोलावतो, सगळं कळल्यासारखं वाटतं. कोरी स्क्रीन पुढे आली की बोटं गार.

आता कुणीतरी "दहा हजार तास सराव केला की कुणीही तरबेज होतो" हे सांगायला येईलच, म्हणून आधीच लिहून टाकतो. १९९३ साली मानसशास्त्रज्ञ अँडर्स एरिक्सन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बर्लिनच्या संगीत अकादमीतल्या व्हायोलिनवादकांचा अभ्यास केला. त्यातल्या सर्वांत चांगल्या वादकांचा वयाच्या विसाव्या वर्षापर्यंतचा एकट्याने केलेला सराव सरासरी १०,००० तासांच्या आसपास भरला. लोकांनी तेवढा आकडा उचलला. मुळात भर होता तो सराव कसला यावर. जे जमत नाही तेवढंच वेगळं काढायचं, ते घासायचं आणि कुठे चुकलं ते दाखवणारं कुणीतरी हवं. नाहीतर आमच्या गल्लीतल्या रिक्षावाल्याने वीस वर्षं रोज दहा तास गाडी चालवली, अजून रिव्हर्स घेताना नळाच्या खांबाला लावतो.

---

निवृत्त_फिटर (मंगळवार, सकाळी ६.१५)

पुणेकर, रिक्षावाल्याला नावं ठेवू नका, पण बोललात ते खरं.

मी भुसावळचा. रेल्वेतून निवृत्त होऊन नऊ वर्षं झाली. १९७८ साली आयटीआयला फिटर ट्रेडला लागलो. पहिले तीन महिने हातात फक्त कानस. एमएसचा (साध्या पोलादाचा) एक चौकोनी तुकडा व्हाइसमध्ये धरायचा आणि सपाट करायचा. ऐकायला पोरखेळ वाटतो. नव्या माणसाचा हात झोपाळ्यासारखा हलतो, दोन्ही कडा जास्त घासल्या जातात आणि मधे फुगीर राहतं. डोळ्याला सपाटच दिसतं बरं का. गुण्या (काटकोन तपासायची पट्टी) लावून उजेडाकडे धरलं की मग कडेने प्रकाशाची रेघ दिसते.

आमचे सर सरफेस प्लेटवर, म्हणजे एकदम सपाट पाटावर, प्रशियन ब्लू हा निळा रंग बोटाने अगदी पातळ फासायचे. तुकडा त्यावर पालथा घालून हलका फिरवायचा. जिथे उंचवटा तिथे निळा लागतो. मग तेवढ्याच निळ्यावर कानस चालवायची, दुसरीकडे हात लावायचा नाही. पुन्हा निळा, पुन्हा कानस. दिवसाकाठी पन्नास वेळा.

माझ्या शेजारी नशिराबादकडचा एक पोरगा होता. अंगाने दणकट, सकाळी आठ ते पाच मान वर न करता घासायचा. पण निळा लावायला जायचा नाही, कारण निळा सरांच्या टेबलावर होता आणि तिथे गेलं की सर तुकडा बघायचे. तीन महिन्यांनी त्याचे दंड माझ्या दुप्पट झाले. तुकडा मात्र टेबलावर ठेवला की डुगडुगायचा.

बेटा, तू विचारतेस सराव कशावर करू. मी विचारतो, तुझा निळा कुठला? तो आधी शोध. बिलं काय, कुठेही मिळतील.

---

शेंगोळे (मंगळवार, सकाळी ८.३०)

आप्पा, सकाळी सव्वासहाला असं लिहिता, आम्ही दिवसभर काय करायचं?

---

मोटारवाला (मंगळवार, दुपारी २.१०)

आप्पांचा निळा वाचून हात थांबला, म्हणून दुकानात बसूनच लिहितो. लाइट गेलेलीच आहे.

माझं मोटारी भरायचं, म्हणजे वाइंडिंगचं दुकान आहे, जामनेर रोडला. दहावी नापास, उस्तादाच्या हाताखाली सहा वर्षं काढली. पहिलं वर्ष जळालेल्या कॉइली ओढून काढायच्या आणि स्लॉटचा कागद कापायचा. उस्तादाचा एकच नियम होता: कॉइल तोडायच्या आधी वहीत लिही. किती स्लॉट, किती टर्न, तारेचं गेज, पिच, कनेक्शन. मला वाटायचं, हे लिहिणं म्हणजे कारकुनी.

एकदा मे महिन्यात यावल तालुक्यातल्या एका शेतकऱ्याची साडेसात एचपीची मोटार आली. घाई होती. न लिहिता तोडली, तार भंगारात गेली. मग अंदाजाने टर्न टाकले. टर्न कमी पडले, मोटार ॲम्पिअर जास्त खायला लागली आणि तिसऱ्या दिवशी तीच मोटार त्याच ट्रॉलीत परत. वार्निशचा तो जळका वास अजून नाकात आहे. आमच्याकडे मे म्हणजे ४५ अंश आणि केळी निसवणीला (घड बाहेर पडायला) आलेली. त्या माणसाने शिव्या दिल्या नाहीत. ओट्यावर बसून नुसता मोटारीकडे बघत होता, ते जास्त लागलं. मोटार फुकट भरून दिली, तारेचे पैसे माझ्या आठवड्याच्या पगारातून कापले गेले.

तेव्हापासून वही. आता नऊ वह्या झाल्यात. दोन-तीन वर्षांनी असं झालं की मोटार *कशी* जळली तेही लिहायला लागलो. कॉइली जोडायच्या दोन पद्धती, स्टार आणि डेल्टा. स्टारमधल्या मोटारीत दोन फेजच्या कॉइली काळ्या आणि एक कोरी निघाली, तर एक फेज गेल्यावरही मोटार चालत राहिली, म्हणजे सिंगल फेजिंग. डेल्टात असेल तर उलटं, एकच फेज काळी आणि दोन चांगल्या. सगळीच सारखी करपली तर ओव्हरलोड, नाहीतर पाणी सोडून कोरडी चाललेली. हे मला कुणी शिकवलं नाही, वहीने शिकवलं. मग गिऱ्हाइकाला सांगायला लागलो की भाऊ, मोटार पुन्हा भरून काही होणार नाही, तुझ्या स्टार्टरला सिंगल फेज प्रिव्हेंटर नाही. आज माझी अर्धी कमाई पॅनल बसवण्याची आहे. आधी मोटार भरायचे पैसे घ्यायचो, आता ती जळू नये याचे घेतो.

ताई, तू चार चुका सांगितल्यास. त्या लिहून ठेवल्यास का कुठे? की फक्त आमच्यापुढे मांडल्यास?

---

बोरीकाठ (मंगळवार, रात्री ९.००)

लिहिल्या नव्हत्या. आत्ता लिहिल्या. अकरापैकी चार म्हणाले होते, पण आठवायला बसले तर तीनच आठवतात. चौथी काय होती देव जाणे.

---

केळीवाली (मंगळवार, रात्री ९.४५)

बहिणी, चौथी विसरलीस हेच मोठं नुकसान बघ. :)

मी रावेर भागातली, टिश्यू कल्चरच्या लॅबमध्ये आहे. ग्रँड नैन जातीच्या केळीची रोपं. बाटलीतला कोंबाचा गठ्ठा लॅमिनारमध्ये (गाळलेल्या हवेच्या टेबलावर) काढायचा, ब्लेड स्पिरिटच्या ज्योतीवर धरायचं, कापायचं, नव्या बाटलीतल्या अगारवर (रोपाच्या खाद्याच्या जेलीवर) बसवायचं, झाकण. दिवसभर तेच. मुलाखतीत मला सांगितलं होतं की यात शिकण्यासारखं काही नाही, दोन दिवसांत येईल. दोन दिवसांत आलंही.

अडचण अशी की आमच्या कामात चूक लगेच दिसत नाही. बॅक्टेरिया असेल तर दोन-तीन दिवसांनी अगारवर दुधाळ डाग येतो, बुरशी असेल तर चौथ्या-पाचव्या दिवसापासून पांढरा कापूस दिसायला लागतो. तोवर तुम्ही आणखी शेकडो बाटल्या त्याच चुकीने भरलेल्या असतात. म्हणून प्रत्येक बाटलीच्या झाकणावर मार्करने आपला नंबर आणि तारीख. शनिवारी मॅडम रॅकवरून खराब बाटल्या काढायच्या आणि नंबरवार मोजायच्या. माझ्या पहिल्या महिन्यात शंभरातल्या बावीस. सगळ्यांसमोर. घरी जाऊन नोकरी सोडते म्हटलं.

मॅडमनी त्या बावीस बाटल्या माझ्याच टेबलावर मांडल्या आणि विचारलं, यात किती प्रकार दिसतात? नीट पाहिलं तर दोन. काहींत बुरशी, तर काहींत बुरशी नाही, पण कोंब कडेने तपकिरी पडून मेलेला. तपकिरी म्हणजे ब्लेड गार व्हायच्या आत लावलं. बुरशी म्हणजे उघड्या बाटलीवरून हात गेला. आणि बुरशीवाल्या बहुतेक बाटल्या जेवणानंतरच्या, तेव्हा आम्ही शेजारणीशी बोलत बोलत काम करायचो. "लक्ष देऊन कर" असं नुसतं म्हटलं असतं तर मला काहीच कळलं नसतं. हात बाटलीच्या मागून न्यायचा, हे कळलं.

आता नव्या आलेल्या आठ मुलींना मीच शिकवते, आणि शनिवारची मोजणीही माझ्याकडे आहे. पगारात फरक पडला, फार नाही, पण पडला.

---

झेरॉक्स_मास्तर (बुधवार, सकाळी ११.३०)

सगळ्यांच्या गोष्टी गोड चालल्यात, माझी कडू ऐका.

२०२४ ला मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजना आली. पदवीधराला महिना १०,०००, आयटीआय-डिप्लोमाला ८,०००, बारावीला ६,०००. आधी सहा महिने होती, पुढे अकरा केली. मी लागलो. कार्यालयाचं नाव नको. अकरा महिने काय केलं? झेरॉक्स, टपाल, साहेबांचा मोबाईल रिचार्ज, आणि निवडणुकीत याद्यांना पंचिंग. अकरा महिन्यांत माझी एकही चूक कुणी दाखवली नाही, कारण चुकावं असं काम कुणी दिलंच नाही. शेवटी प्रमाणपत्र मिळालं, त्यावर माझं नाव बरोबर छापलंय. तेवढं बरं.

म्हणून सांगतो, "अनुभव" या शब्दाला भुलू नका. अकरा महिन्यांचा अनुभव आणि अकरा वेळा तोच एक महिना यात फरक आहे.

---

तापीपल्याड (बुधवार, दुपारी १२.१५)

मास्तरांशी सहमत, आणि एक राग माझाही. आपल्याकडे "शिकायला मिळतंय ना" म्हणून पोरापोरींना फुकट राबवतात. माझी चुलत बहीण एका ऑफिसात वर्षभर दोन हजारांत बिलं चढवत होती. तिच्या जिवावर दहा गिऱ्हाइकांची रिटर्नं भरली गेली. शिकाऊ उमेदवारांना विद्यावेतन द्यायचं, यासाठी १९६१ पासून कायदा आहे. आता कुणी या बिचारीला "आधी फुकट काम कर" असा सल्ला देऊ नका. मी भांडेन.

---

आग्रा_रोड (बुधवार, रात्री १०.५०)

भांडू नका, मी आलोय. धुळ्यात सीए आहे, ताईच्या प्रश्नावर थेट लिहितो. लांबेल.

तुझ्या ओळखीत कुणाचं दुकान आहे? किराणा, हार्डवेअर, काहीही चालेल, पण कृषी सेवा केंद्र असेल तर सोन्याहून पिवळं. कारण एकाच दुकानात बियाणं शून्य टक्के, रासायनिक खत ५, कीटकनाशक १८. शेतकऱ्याच्या एका बिलात तिन्ही दर येतात. क्लासमधले एबीसी ट्रेडर्स असं कधी करणार नाहीत.

त्यांच्याकडे चालू महिना मागू नकोस. बंद झालेला महिना माग. ज्याचं रिटर्न भरून झालंय, ज्याचे आकडे अकाउंटंटने लावून टाकलेत, तो. त्या महिन्याची मूळ बिलं घ्यायची, टॅलीत नवी कंपनी उघडायची आणि कोऱ्या पाटीवर पहिल्यापासून चढवायचं. तुझ्या चुकीने कुणाचं काही बिघडत नाही, आणि शेवटी ताळा करायला अकाउंटंटचे आकडे तयार आहेत. आप्पांच्या भाषेत, हा झाला तुझा निळा.

दुसरा निळा सरकारच देतं, तोही फुकट. पुरवठादार पुढच्या महिन्याच्या ११ तारखेपर्यंत आपलं जीएसटीआर-१ (विक्रीचं रिटर्न) भरतात, त्यावरून १४ तारखेला दुकानदाराच्या लॉगिनला जीएसटीआर-२बी, म्हणजे त्याच्या खरेदीची यादी तयार होते. तुझी खरेदी एकीकडे, २बी दुसरीकडे, एकेक ओळ लाव. जे जुळत नाही त्यापुढे *आधी तुझा अंदाज लिही*: पुरवठादाराने भरलं नाही, की मी नंबर चुकवला, की तारीख? मग बिल उघडून बघ. अंदाज लिहायच्या आधी बिल उघडलंस तर शिकणं अर्ध्यावर येतं. २० तारखेला ३बी (महिन्याचा कर भरायचं रिटर्न) भरायची असते, तेव्हा ऑफिसात हेच काम चालू असतं, आणि हे नीट करणारी माणसं मिळत नाहीत म्हणून आम्ही रडत असतो.

सुरतच्या बिलाचं. जीएसटी नंबर पंधरा अक्षरी, पहिले दोन आकडे राज्याचे. महाराष्ट्र २७, गुजरात २४, मध्य प्रदेश २३. आपल्याला हे तोंडपाठ हवंच, कारण आपला अर्धा व्यापार सुरत-इंदूर-बऱ्हाणपूरशी. आपल्या नंबरापेक्षा वेगळे आकडे दिसले की आयजीएसटी, म्हणजे दोन राज्यांमधला कर. (अवांतर: नवापूरच्या स्टेशनवर बाकाचा अर्धा भाग महाराष्ट्रात आणि अर्धा गुजरातेत आहे. तिथे भजी विकणाऱ्याला काय लावायचं हा आमच्या आर्टिकलशिपमधला (सीए होण्याआधीच्या उमेदवारीतला) आवडता वाद होता.) पुढची दहा अक्षरं पॅन. शिक्क्याखाली नंबर झाकला असेल तर त्याच पुरवठादाराचं जुनं बिल काढायचं. हे कुठल्याच क्लासात सांगत नाहीत.

महिना कुठला घ्यायचा? सप्टेंबर २०२५ घे. २२ तारखेला दर बदलले, १२ चा टप्पा जवळजवळ गेला. सूक्ष्म अन्नद्रव्यं १२ वरून ५ वर, ठिबकचं साहित्य १२ वरून ५ वर. म्हणजे तीच बाटली, तेच नाव, २० तारखेच्या बिलाला एक दर आणि २५ तारखेच्या बिलाला दुसरा. तो महिना नीट चढवता आला तर कुठल्याही एमआयडीसीत जा.

बिलं क्रमाने लावून घेऊ नकोस, पुरवठादारवार तर अजिबात नको. गठ्ठा येतो तसाच घे. मुलाखतीत तुला लावलेली बिलं मिळाली नव्हती.

तापीपल्याड, तुमच्या रागाला उत्तर: बंद महिना म्हणजे कुणाचं काम नाही, तो तिचा स्वतःचा सराव. ज्या दिवशी तिची नोंद कुणाच्या खऱ्या रिटर्नमध्ये जाईल, त्या दिवसापासून ते काम झालं. तिथून पैसे मागायचे, मामाचं दुकान असलं तरी.

आणि दुकानाचे भाव, उधारी, पुरवठादार याबद्दल बाहेर एक शब्द नाही. परवानगी घेऊनच बस.

---

बोरीकाठ (बुधवार, रात्री ११.३०)

दादा, मामांचं खरंच कृषी केंद्र आहे, अमळनेर तालुक्यात! तुम्हाला कसं कळलं?

---

आग्रा_रोड (बुधवार, रात्री ११.३४)

खान्देशात कुणाचा तरी मामा कृषी केंद्रवाला असतोच.

---

चहार्डीकर (गुरुवार, सकाळी ७.५०)

मनी बहिन, घाबरू नको. हातले सवय लागनी म्हंजे बठ्ठं जमस. मामाले सांग, भाची फुकट ऊनी नही, जेवण तं दे. :)

---

खानदेशी_पुणेकर (गुरुवार, सकाळी १०.१५)

आग्रा रोड, "बंद महिना" भारी. आमच्याकडे नव्या पोरांना मी हेच देतो: सहा महिन्यांपूर्वी सुटलेला जुना बग. उत्तर कुठे आहे ते मला माहीत असतं, त्याला नसतं. दोन दिवस झगडू देतो, मग आपण तेव्हा काय बदललं होतं ते शेजारी ठेवून दाखवतो. आजवर त्याला नाव नव्हतं, आता बंद महिनाच म्हणणार.

---

*(पाच आठवड्यांनी)*

बोरीकाठ (रविवार, सायंकाळी ५.२०)

धागा वर काढतेय, माफ करा. हिशेब द्यायला आले.

मामांकडे शनिवार-रविवार राहून सप्टेंबर चढवला. खरेदीची ८७ बिलं. पहिल्यांदा तीन दिवस लागले आणि अकाउंटंटच्या आकड्याशी काहीच जुळलं नाही. वहीत १९ चुका लिहिल्या. केळीवाली ताईंनी सांगितलं तसं प्रकार पाडले, तर सहा चुका फक्त तारखेच्या निघाल्या. बिलाची तारीख सोडून मी माल पोचल्याची तारीख टाकत होते, कारण मामा तीच पेनाने मोठी लिहितात. पाच राज्याच्या. ट्रकभाड्याच्या तीन, त्यावर बऱ्याचदा रिव्हर्स चार्जने दुकानदारानेच कर भरायचा असतो हे मला माहीतच नव्हतं. बाकी किरकोळ. चौथी आठवली, मोटारवाले दादा! त्या दिवशी जळगावला मी तारीखच चुकवली होती.

मग तोच महिना सगळा पुसून पुन्हा. दीड दिवस, सात चुका. मग ऑक्टोबर.

आणि एक गंमत. आग्रा रोड दादांनी विक्रीची बिलंही बघ म्हटलेलं नव्हतं, पण बघितली. २४ सप्टेंबरचं एक विक्री बिल, सूक्ष्म अन्नद्रव्याच्या चार बाटल्या, १२ टक्क्यांनी. मामांच्या बिलिंगमध्ये त्या एका कंपनीच्या मालाचा दर बदलायचाच राहिला होता, आठवडाभर. मामा आधी माझ्यावरच खेकसले, तूच चुकली असशील म्हणून. मग स्वतः चष्मा लावून बसले. रात्री जेवताना काही बोलले नाहीत. सकाळी अकाउंटंटला फोन केला आणि माझ्याकडे बघत म्हणाले, "आमच्या भाचीने पकडलं."

दादा, जास्त घेतलेल्या कराचं आता काय होतं?

---

आग्रा_रोड (रविवार, रात्री ८.००)

कर म्हणून गोळा केलेला पैसा दुकानदाराला ठेवता येत नाही, तो सरकारजमा व्हायलाच हवा. तो भरला गेलाय का ते आधी बघा. पुढचं मामांच्या अकाउंटंटला करू दे, त्याचं काम आहे ते. पण तू चूक शोधायला गेली नव्हतीस आणि तुला ती दिसली, हे लक्षात आलं का तुझ्या?

---

निवृत्त_फिटर (सोमवार, सकाळी ५.५५)

तुकडा डुगडुगायचा थांबला.

---

*(आणखी तीन आठवड्यांनी)*

बोरीकाठ (शुक्रवार, रात्री ९.१०)

आज पुन्हा जळगाव. दुसरा कारखाना. पुन्हा गठ्ठा, यावेळी पस्तीस बिलं. सुरू करायच्या आधी मी विचारलं, "ही कुठल्या महिन्याची आहेत, आणि त्याची २बी आलीय का?" समोरच्या मॅडमनी हातातला कप खाली ठेवला. एक तास पन्नास मिनिटं लागली. एक चुकलं, हमालीचं. हमाली मला छळणार आहे आयुष्यभर.

तीन महिने बघू म्हणाल्या, महिना अकरा हजार, मग वाढवू. बसभाडं आणि डबा काढून हातात फार उरत नाही. घ्यावं का?

---

तापीपल्याड (शुक्रवार, रात्री ९.३०)

"मग वाढवू" किती आणि कधी, हे लिहून घे. व्हॉट्सॲपवर का होईना.

---

झेरॉक्स_मास्तर (शुक्रवार, रात्री ९.३६)

आणि विचार, माझ्या नोंदी कोण तपासणार? कुणीच नाही म्हणाले तर पगार दुप्पट असला तरी जाऊ नको.

---

केळीवाली (शुक्रवार, रात्री १०.००)

मास्तर, दुप्पट असेल तर जाऊ दे हो तिला. तपासणारं आपण पाठवू, आग्रा रोडना.

---

बोरीकाठ (शनिवार, दुपारी १.१५)

विचारलं. मॅडम स्वतः महिन्याच्या १५ ला तपासतात म्हणे, आणि वाढ तीन महिन्यांनी १४ हजार, तसा मेसेज आलाय. सोमवारी जाते. पारोळ्याहून सकाळची बस पकडायची म्हणजे साडेपाचला उठणं आलं.

---

मोटारवाला (शनिवार, रात्री ९.२५)

अभिनंदन ताई. एक विचारायचं होतं, रागावू नको. माझ्याकडे वाइंडिंगच्या नऊ वह्या टापटीप आहेत, पण बिलांची पिशवी आहे. खरोखरची पिशवी, खिळ्याला टांगलेली. जीएसटी नंबर काढून दोन वर्षं झाली, माझा माणूस दर महिन्याला काय भरतो मला कळत नाही. तांब्याची तार इंदूरहून येते, वार्निश आणि कागद जळगावहून. रविवारी बघशील का? फी देईन, आग्रा रोड दादांनी सांगितलंय म्हणून नाही, मलाच फुकट नको.

---

बोरीकाठ (शनिवार, रात्री ९.४०)

दादा, बघते. पिशवी उलटी करू नका, आहे तशी राहू द्या. इंदूरची बिलं २३ ने सुरू होत असतील, ती आधी बघू. आणि मोटार भरायचं बिल तुम्ही गिऱ्हाइकाला देता तेव्हा तार आणि मजुरी वेगळी लिहिता, की एकच आकडा?